गोठविलेली तार आणि घरचें गाणें

कोरेगांव भीमा येथील एका वाचक भगिनींचें पत्र या महिन्यांत आमच्या सदराकडे आलें आहे. त्यांचें नांव प्रसिद्ध न करतां पत्राचा सारांश येथें देतों. कारण प्रश्न एका घराचा असला, तरी तो आज पुष्कळ घरांत निराळ्या वेषानें येत असतो.

या भगिनींचें कुटुंब एकत्र आहे. मामंजी, सासूबाई, तिघे भाऊ, जावा आणि मुलें मिळून घरांत अकरा माणसें आहेत. सामायिक खर्चाची वही या थोरल्या सूनबाईंच्या हातीं आहे. मामंजींना गाण्याचा फार नाद. त्यांच्यासाठीं दोन वर्षांपूर्वीं सर्वांनीं मिळून दिवाणखान्यांत एक चांगला अँप्लिफायर व दोन स्पीकर बसविले. आतां धाकट्या दिरांनीं असें सुचविलें आहे कीं, स्पीकरच्या साध्या तारा काढून त्यांच्या जागीं ‘अतिशीत प्रक्रिया’ केलेल्या, म्हणजे द्रवरूप नायट्रोजनच्या थंडीत गोठवून पुन्हां सावकाश ऊब दिलेल्या तारा घालाव्या. तीन मीटरच्या जोडीस बेचाळीस हजार रुपये पडतात. पैसा सामायिक तिजोरींतून जावयाचा; आणि त्याच तिजोरींतून यंदां घरांतील जुनें वायरिंग बदलणें व मामंजींच्या कानांची तपासणी हीं दोन कामें व्हावयाचीं आहेत. दीर शिकलेले आहेत, सणसवाडीकडील एका कारखान्यांत नोकरीस आहेत. त्यांचें म्हणणें असें कीं, “आमच्याकडे पोलादाचीं हत्यारें गोठवून घेतात आणि तीं अधिक टिकतात, हें मी स्वतः पाहतों, मग तारच काय ती वाईट?” मामंजी म्हणतात, “त्याचें मन मोडूं नका.” आणि वहिनी विचारतात, “मला यांतलें शास्त्र कळत नाहीं म्हणून मी गप्प बसावें, कीं कांहीं विचारावें? आणि विचारावयाचें तर काय?”

विचारावें, हें उत्तर आम्ही आधींच देऊन टाकतों. मात्र विचारण्यापूर्वीं दिरांच्या बोलण्यांतील खरें किती हें पाहणें अगत्याचें आहे. कारण त्यांनीं दिलेलें उदाहरण खोटें नाहीं.

पोलादाचें पातें किंवा साचा तयार करतांना त्याला लाल होईपर्यंत तापवून एकदम थंड करतात. आपले लोहार यालाच ‘पाणी पाजणें’ म्हणतात. तापलेल्या स्थितींत पोलादांतील अणूंची जी मांडणी असते, तिला ऑस्टेनाइट असें नांव आहे. पाणी पाजल्यावर तिची मार्टेन्साइट नांवाची दुसरी, फार कठीण अशी मांडणी बनते. परंतु कित्येक जातींच्या हत्यारी पोलादांत हा पालट पुरा होत नाहीं. कांहीं भाग पूर्वींच्याच मऊ स्थितींत मागें राहतो. असें पोलाद शून्याखालीं ऐशीं अंश, किंवा द्रव नायट्रोजनच्या उणे १९६ अंश सेंटिग्रेडपर्यंत नेलें, कीं हा मागें राहिलेला भागहि बराचसा पालटतो; आणि पुढें तें पुन्हां बेतानें तापविलें म्हणजे त्यांत कार्बाइडचे बारीक कण अधिक सारखे पसरतात. परिणामीं पातें कमी झिजतें. हा पालट कायमचा असतो. पोलाद पुन्हां नेहमींच्या उष्णतेवर आलें तरी तो उलटत नाहीं. दूध विरजलें म्हणजे त्याचें दहीं होतें. मग तें चुलीवर ठेवलें तरी त्याचें दूध होत नाहीं, तसाच हा प्रकार आहे. दिरांच्या कारखान्यांत जें घडतें, तें अशा रीतीनें शास्त्राला धरूनच आहे.

आतां तांब्याकडे वळूं. तांब्यांत असा कोणताहि राहून गेलेला पालट नसतो. त्याच्या अणूंची मांडणी कडाक्याच्या थंडीपासून तों १०८५ अंशांवर तें वितळेपर्यंत एकच असते. तेव्हां थंडीनें पुरें करावें असें अर्धवट राहिलेलें कामच तेथें नाहीं. तांबें थंडींत आकुंचन पावतें, त्याचे अणू शांत होतात. आणि ऊब मिळाली कीं तें पूर्ववत् होतें. हिंवाळ्यांत तूप थिजतें आणि उन्हांत ठेवलें कीं पुन्हां पातळ होतें. कोणी तुपाचा डबा आठ दिवस बर्फांत ठेवून परत आणला आणि ‘हें थिजवून पातळ केलेलें तूप आहे’ म्हणून दुप्पट किंमत मागितली, तर कोणतीहि गृहिणी त्यास काय म्हणेल, तें लिहावयास नको.

‘पण तार ओढतांना तांब्यावर ताण पडतो, त्यांत दोष उत्पन्न होतात, ते थंडीनें निघून जातात,’ असें या तारांचे विक्रेते सांगतात. यांतील पहिला अर्धा भाग बरोबर आहे. तांब्याची कांब साच्याच्या भोंकांतून ओढून बारीक करीत नेली म्हणजे ती कडक होते, व तिच्या अंगीं थोडे दोष येतात. परंतु यावरील औषध कोणतें, हें पुण्याच्या कसबा पेठेंतील तांबट आळींत पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. हंड्याला ठोके देऊन मठारकाम केलें कीं तांबें कडक होतें; तें पुन्हां मऊ करावयाचें झालें कीं तांबट तें भांडें विस्तवांत धरतो. तो तें बर्फांत ठेवीत नाहीं. कारण स्पष्ट आहे. विस्कटलेल्या अणूंना आपापल्या जागीं परत जावयाचें, तर हालचाल पाहिजे. हालचाल उष्णतेनें मिळते, आणि थंडीनें जी थोडीबहुत असेल तीहि जाते. तारांच्या कारखान्यांतहि हेंच करतात. ओढलेली तार तापवून मऊ करतात आणि मगच तिच्यावर आवरण चढवितात. असें मऊ केलेलें तांबें हें विद्युद्वहनाचें प्रमाण म्हणून १९१३ सालीं आंतरराष्ट्रीय संमतीनें ठरलें. त्या प्रमाणास शंभर धरलें, तर मऊ न केलेली कडक तार सुमारें सत्याण्णव भरते. म्हणजे तार ओढण्याच्या सर्व अत्याचारांची किंमत शंभरांत तीन, आणि तीहि कारखान्यांतील भट्टीनें आधींच भरून काढलेली असते. उलट आवरणासकट तयार तार गोठविली, तर धोका मात्र आहे. नेहमींचें पी.व्ही.सी.चें आवरण एवढ्या थंडींत कांचेसारखें ठिसूळ बनतें, आणि त्या स्थितींत तार वांकली तर त्यास तडे जातात.

थंडीचें सामर्थ्य कमी लेखण्याचा येथें मुळींच हेतु नाहीं. तार *थंड असतांना* चमत्कार खरोखरच घडतात. द्रव नायट्रोजनमध्यें बुडविलेल्या तांब्याचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, नेहमींच्या सुमारें एक अष्टमांश होतो. हॉलंडमधील लायडेन येथें कामरलिंग ओनेस यांनीं १९०८ मध्यें हेलियम वायु द्रवरूप केला, आणि १९११ मध्यें त्या थंडींत पाऱ्याचा रोध अजिबात नाहींसा होतो असें दाखविलें. १९१३ चें नोबेल पारितोषिक त्यांना मिळालें. आपल्या मुंबईंत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं शुद्ध बिस्मथमध्यें हाच गुण केवलशून्याच्या वर एका अंशाच्या सुमारें अर्ध्या सहस्रांशावर दाखवून दिला, आणि तो शोध २०१७ च्या आरंभीं छापून आला. इस्पितळांतील एम.आर.आय. यंत्राचें प्रचंड चुंबक तर याच तत्त्वावर चालतें; त्याच्या तारांच्या वेटोळ्याला हेलियमच्या साह्यानें उणे २६९ अंशांच्या आसपास अहोरात्र ठेवावें लागतें. अहोरात्र, हा शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. ती थंडी सुटली, कीं चुंबकाचा तो गुणहि त्याच क्षणीं सुटतो. एकदां गोठवून काढलेली तार पुढें जन्मभर त्या गुणानें वागली असती, तर इस्पितळांनीं हेलियमवर एवढा पैसा कशाला घातला असता?

आतां थोडें गणित करूं. तें अवघड नाहीं. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या एक मीटर तारेचा रोध सुमारें ०.०१७ ओहम असतो. घरगुती वायरिंगमधील अडीच चौरस मिलिमीटरची तार घेतली, व अँप्लिफायरपासून स्पीकरपर्यंत तीन मीटर अंतर धरलें, तर जाणें-येणें मिळून सहा मीटर तार होते. तिचा रोध सुमारें ०.०४ ओहम. स्पीकरचा स्वतःचा रोध साधारण आठ ओहम. म्हणजे तारेचा वांटा दोनशांत एक. यामुळें आवाजांत जी घट होते, ती एका डेसिबलाच्या विसाव्या भागाहून कमी. कसलेल्या कानालाहि अर्ध्या-एक डेसिबलाखालील फरक सहसा कळत नाहीं.

याच्यापुढें आणखी एक गोष्ट आहे. नेहमींच्या उष्णतेवर तांब्याचा जो रोध असतो, तो जवळजवळ सर्व अणूंच्या थरथरीमुळें असतो. अणूंच्या मांडणींतील दोष आणि भेसळ यांमुळें येणारा भाग चांगल्या विद्युत् तांब्यांत शेंकडा एक ते दोन एवढाच असतो. तेव्हां आपण विक्रेत्याशीं वादच न घालतां सारें कबूल करूं. समजा, त्याच्या थंडीनें तारेंतील झाडून सारे दोष नाहींसे झाले. तरी रोध कमी होणार शेंकडा दोनांनीं. आणि आवाजांत पडणारा फरक येणार एका डेसिबलाच्या सुमारें हजाराव्या भागाएवढा. कबूल करावयाचें तें सर्व कबूल करूनहि हाताशीं एवढेंच येतें.

याची दुसरी बाजू कोरेगांवच्याच हवेवरून पाहतां येईल. तांब्याचा रोध प्रत्येक अंशामागें शेंकडा सुमारें ०.४ नें वाढतो. पुणें भागांत पौषांतील पहांटेची थंडी दहा अंशांच्या आसपास येते, तर वैशाखांतील दुपार चाळिसाला टेकते. या तीस अंशांच्या फरकानें घरांतील प्रत्येक तारेचा रोध शेंकडा सुमारें बारांनीं बदलतो. विक्रेता ज्या फरकाचें फार तर वचन देऊं शकेल, त्याच्या सहापट फरक निसर्ग दर वर्षीं फुकट करून देतो. तरीहि ‘पौषांत भूप अधिक सुरेल वाटतो आणि वैशाखांत तारेमुळें बिघडतो’ अशी तक्रार आजवर कोणा रसिकानें केल्याचें ऐकिवांत नाहीं.

शिवाय जें गाणें ऐकावयाचें, तें आपल्यापर्यंत कसें आलें, याचाहि विचार व्हावा. मिरजेचे खांसाहेब अब्दुल करीमखां यांच्या १९०५ सालच्या तबकड्या कर्ण्यांत गाऊन भरलेल्या आहेत. तेव्हां ध्वनिमुद्रणांत विजेची तार मुळीं नव्हतीच, ती १९२५ नंतर आली. पुणें आकाशवाणी केंद्र १९५३ मध्यें सुरू झालें, आणि १ एप्रिल १९५५ पासून ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांचें गीतरामायण तेथून घरोघर गेलें. त्या काळीं ध्वनीच्या तारा गोठविण्याची कल्पना कोणाच्या मनांतहि नव्हती; अशा खास तारांच्या धंद्याला खरा जोर आला तो १९७० च्या दशकाच्या अखेरीस, अमेरिकेंत. माइकपासून ध्वनिफितीपर्यंत साध्या तांब्याच्या कितीतरी मीटर तारेंतून आलेला तो आवाज ऐकून माणसांचे डोळे भरून आले. जो आवाज वाटेंत सर्वत्र साध्या तांब्यांतून आला, त्याला आमच्या दिवाणखान्यांतील शेवटचे तीन मीटर कोणतें निराळें रूप देणार?

येथें दीर म्हणतील, आणि तसें म्हणण्याचा त्यांना हक्क आहे, कीं “गणित राहूं द्या, मी दुकानांत माझ्या कानांनीं फरक ऐकला.” त्यांना खोटें ठरविण्याचें कारण नाहीं. फरक जाणवला असेलच. प्रश्न तो कशाचा, एवढाच आहे. तार बदलतांना जुनें टोक काढून नवें घट्ट बसवितात, त्यामुळें सांध्यावरील गंज पुसला जातो. हा लाभ खरा, पण तो जुनीच तार पुसून लावली तरी मिळतो. दुसऱ्या वेळीं आवाज केसभर मोठा असला, तर कानाला तो ‘मोठा’ न वाटतां ‘चांगला’ वाटतो. आणि तिसरें असें कीं, आपण नुसत्या कानांनीं ऐकत नसतों. किंमत कळली, कौतुक ऐकलें, कीं मन पुढें धांवतें आणि कान त्याच्या मागून जातो. यांत लबाडी नाहीं. हा मनुष्याचा स्वभावच आहे. म्हणूनच वैद्यकांत नव्या औषधाची परीक्षा घेतांना, कोणाला औषध दिलें व कोणाला साधी गोळी, हें रोग्यालाहि सांगत नाहींत आणि देणाऱ्यालाहि सांगत नाहींत. तारांच्या बाबतींतहि अशा परीक्षा झाल्या आहेत. १९८३ मध्यें अमेरिकेंतील ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ मासिकानें घेतलेल्या परीक्षेंत, खास आवाज ऐकवून फार बारीक तार तेवढी ओळखतां आली. परंतु गाणें ऐकतांना महागडी जाड तार आणि साधी जाड तार यांत श्रोत्यांना निवड करतां आली नाहीं.

ही परीक्षा घरच्या घरीं घेतां येते, आणि एकत्र कुटुंबाइतकें सोईचें ठिकाण तिला दुसरें नाहीं. विक्रेत्याकडून तारा आठ दिवस परत करण्याच्या बोलीवर आणाव्या. अँप्लिफायर पडद्याआड ठेवावा. तेथें घरांतील एका विश्वासू मुलानें नाणें उडवावें. छापा पडला तर जुनी तार, कांटा पडला तर नवी. प्रत्येक वेळीं, तीच तार राहणार असली तरीहि, टोकें काढून पुन्हां लावावीं, म्हणजे खटपटीच्या आवाजावरून तर्क करतां येणार नाहीं. आवाजाच्या बटनाला हात लावूं नये. गाणें तेंच, तेवढेंच, दोन मिनिटें वाजवावें. दिरांनीं पलीकडे बसून चिठ्ठीवर ‘जुनी’ किंवा ‘नवी’ असें लिहावें; लावणाऱ्यानें तोंडातून अक्षर काढूं नये व समोरहि येऊं नये. असें दहा वेळां करून मग चिठ्ठ्या ताडून पाहाव्या. नुसत्या अंदाजानेंहि पांच-सहा बरोबर येतीलच. सात किंवा आठ आले तरी हुरळून जाऊं नये. दहांपैकीं नऊ किंवा दहा बरोबर येणें नुसत्या दैवानें हजारांत सुमारें अकरा वेळांच घडतें. दिरांनीं नऊ बरोबर सांगितले, तर वहिनींनीं आमचा हा लेख बाजूला ठेवून परीक्षा आणखी एकदां घ्यावी, आणि तेव्हांहि तसेंच झालें तर खुशाल विचार करावा. न झालें, तर कोणीं कोणास हरविलें असें होत नाहीं. सर्वांनीं मिळून एक गोष्ट शोधून काढली, असें होतें. मामंजींना धाकट्याचें मन मोडावयाचें नाहीं, तें याच रीतीनें साधेल. वडील माणसाच्या नकारानें तरुण मन खट्टू होतें. स्वतः केलेल्या परीक्षेच्या निकालानें तें सहसा होत नाहीं. शिवाय दीर कारखान्यांत काम करणारे आहेत. मोजून पाहण्याची संवय त्यांना आमच्याहून अधिक असणार.

तर मग तारेंत कांहींच पाहावयाचें नसतें काय? असतें. पहिली गोष्ट जाडी. पातळ, अर्ध्या चौरस मिलिमीटरची तार वीस मीटर लांब नेली, तर तिचा जाऊन-येऊन रोध सवा ओहमाच्याहि वर जातो, आणि चार ओहमच्या स्पीकरवर आवाज अडीच डेसिबलांनीं उतरतो. हा फरक कोणालाहि ऐकूं येईल. म्हणून जेथें अंतर मोठें, तेथें तार जाड. कोरेगांवाजवळ, भीमेच्या पलीकडील पेरणें येथें जयस्तंभापाशीं दर वर्षीं १ जानेवारीस लाखों माणसें अभिवादनास येतात. एवढ्या विस्तीर्ण समुदायापर्यंत आवाज पोंचवावयाचा असतो, तेथें जाणते लोक तार जाड घेतात किंवा विजेचा दाब वाढवून ती लांबवर नेतात. तार गोठविण्याच्या भानगडींत ते पडत नाहींत. दुसरी गोष्ट धातु. बाजारांत अल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार तांब्याची म्हणून खपविली जाते. ती वजनाला हलकी असते, आणि टोक चाकूनें खरडलें कीं आंतून पांढरी दिसते. फसवणूक टाळावयाची तर तेथें टाळावी. तिसरी गोष्ट सांधे. टोकें वर्षांतून एकदां काढून पुसावीं व घट्ट बसवावीं. या तिहींची पूर्तता करणारी सहा मीटर चांगली तार कांहीं शेंकडा रुपयांत मिळते.

आवाज सुधारावयाचा असेल, तर त्याची खरी जागा दिवाणखाना ही आहे. गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती, मोठ्या कांचा यांवर आवाज आपटून घुमतो आणि बोल अस्पष्ट होतात. फरशीवर जाड सतरंजी, खिडक्यांना दुहेरी पडदे, भिंतीशीं पुस्तकांचें भरलेलें कपाट, आणि स्पीकर कोपऱ्यांतून हातभर पुढें, एवढें केलें कीं जो फरक पडतो तो नाणें न उडवतांहि कळतो. यांतील बहुतेक सामान घरांत आधींच असतें.

परंतु वहिनींच्या पत्रांतील ज्या दोन गोष्टी ओझरत्या आल्या आहेत, त्यांकडे आम्हांस सर्वांत अधिक लक्ष वेधावयाचें आहे. पहिली, जुनें वायरिंग. अशा घरांत स्पीकरमधून मंद ‘घूं’ असा नाद येत राहतो. तो पन्नास आवर्तनांच्या विजेचा असतो, आणि त्याचें मूळ बहुधा अर्थिंगच्या घोटाळ्यांत सांपडतें. कित्येक हौशी लोक तो घालविण्यासाठीं प्लगची तिसरी, जाड पिन काढून टाकतात. नाद जातो, आणि त्याबरोबर घराचें संरक्षणहि जातें. पुढें कधीं यंत्राच्या धातूच्या पेटींत वीज उतरली, तर तिला जमिनीची वाट राहत नाहीं. पहिला हात लावणारें मूल हीच तिची वाट होते. ज्या घरांत लहान मुलें हिंडतात, तेथें हें कोणत्याहि कारणानें करूं नये. परवानाधारक तारतंत्र्याकडून अर्थिंग तपासून घ्यावें, आणि तीस मिलिअँपिअरच्या गळतीवर वीज तोडणारें स्वयंचलित बटन मुख्य फळीवर बसवावें. संगीतासाठीं झालेला हा खर्च संगीताचा राहत नाहीं, जिवाचा होतो.

दुसरी, मामंजींचे कान. वय वाढतां प्रथम वरच्या पट्टीतील आवाज क्षीण होतात. तंबोऱ्याची झार, झांजेचा किणकिणाट, बोलण्यांतील ‘स’, ‘श’, ‘फ’ हीं अक्षरें हळूहळू पुसट होतात. माणसाला वाटतें कीं यंत्र बिघडलें, किंवा आजकालचीं मुलें तोंडांत बोलतात. श्रवणाच्या तपासणींत कोणत्या पट्टीला किती कमी ऐकूं येतें याचा आलेख काढतात. त्यास थोडा वेळ लागतो आणि वेदना मुळींच होत नाहींत. त्यांतून जरूर दिसल्यास श्रवणयंत्र मिळतें. ज्या वरच्या सुरांसाठीं तार गोठवावयाची, ते सूर कानांतच पोंचत नसतील, तर तारेनें काय करावें? आणि श्रवण कमी झालेला वडील माणूस हळूहळू घरच्या बोलण्यांतूनहि बाजूला पडतो. पंगतींत हंसणें झालें, तर आपणहि उगीच हंसतो; प्रश्न कळला नाहीं, तर गप्प बसतो. हें अनेक घरांत घडतें, आणि पुष्कळ दिवस कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं. गाणें हें तपासणीचें निमित्त झालें तर बरेंच झालें. कारण वडील माणसें ‘मला कमी ऐकूं येतें’ असें कबूल करावयास नाखूष असतात, पण ‘गाणें अधिक चांगलें ऐकूं येईल’ म्हटलें कीं निघतात.

सामायिक पैशाविषयीं एक शब्द सांगून हें प्रकरण पुरें करतों. स्वतःच्या मिळकतींतून कोणीं हौस केली, तर तिला शास्त्राचा आधार पाहिजेच असें नाहीं. हौसेला हौस म्हणून मान आहे. दिरांनीं आपल्या पगारांतून ही तार आणली, तर तिच्या कामसू वेणीचें व चकचकीत टोकांचें कौतुक करावयास आमची हरकत नाहीं. परंतु पैसा अकरा माणसांचा असेल, तर वस्तु सांगितलेलें काम करते कीं नाहीं, हें विचारण्याचा अधिकार वही संभाळणाऱ्या बाईला आहे, आणि तो प्रश्न अज्ञानाचा मुळींच नव्हे. शास्त्र म्हणतात तें तरी दुसरें काय आहे? ‘किती?’, ‘कशावरून?’ आणि ‘याहून स्वस्तांत होणार नाहीं काय?’ हे तीन प्रश्न ज्या घरांत हिशेब लिहितांना विचारले जातात, तेथें तें आधींच नांदत असतें. त्या क्रमानें पाहतां, यंदांचा खर्च आधीं वायरिंग व अर्थिंग, मग कानांची तपासणी, मग सतरंजी व पडदे असा व्हावा; आणि तारेला टोकें पुसण्यापुरती एक फडकी पुरे.